खणाखणाने वाढणारे घर

जुन्या दप्तरातील एखादे खरेदीखत किंवा भाऊबंदांतील वाटणीपत्र उघडून पाहावे, तर त्यात घराचे माप फुटांत दिलेले क्वचितच आढळते. पूर्वेस अमुक्याचा वाडा, पश्चिमेस गावरस्ता, दक्षिणेस पडकी जागा अशा चतुःसीमा सांगून झाल्या, की लिहिणारा कारकून घर खणांत मोजतो : सोपा पाच खणी, माजघर चार खणी, परसदारी गोठा दोन खणी. दोन खांबांच्या अथवा दोन तुळयांच्या मधले अंतर म्हणजे एक खण. आजच्या मोजणीने ते साधारणतः पाच-सहा फुटांचे भरते, परंतु मिळालेल्या लाकडाची लांबी, मालकाची ऐपत आणि सुताराच्या हातातील गज यांप्रमाणे ते गावोगाव थोडेफार कमी-अधिक होई. सरकारदरबारी, भावकीत आणि सोयरिकीच्या बोलण्यात हेच माप चाले, आणि घराची प्रतिष्ठाही त्यावरूनच ठरे. देशावरील आणि मराठवाड्यातील ग्रामीण घराची सारी रचना, त्याची वाढ, त्याची वाटणी आणि प्रसंगी त्याचे स्थलांतर या एका मापाच्या आधाराने कसे होत असे, हे समजून घेतल्यावाचून आपल्या खेड्यांतील घरांविषयीचा आजचा कोणताही विचार पुरा होणार नाही, असे माझे मत आहे.

घराचे भाग आधी तयार करून मग जागेवर जोडावेत आणि कुटुंबाच्या गरजेप्रमाणे त्यात भर घालावी, ही कल्पना अलीकडे अगदी नवीन म्हणून आपल्यापुढे मांडली जाते. तिचा इतिहास सांगणारे बहुधा लंडनच्या मॅनिंग नावाच्या सुतारापासून आरंभ करतात. या मॅनिंगने ऑस्ट्रेलियास निघालेल्या आपल्या मुलासाठी १८३० च्या सुमारास सुट्या भागांचे लाकडी घर तयार केले, आणि पुढे तशी घरे जहाजांवर चढवून वसाहतींत जाऊ लागली. क्रिमियाच्या युद्धात १८५५ साली ब्रुनेल या विख्यात अभियंत्याने इंग्लंडात घडविलेल्या लाकडी दालनांचे इस्पितळ तुर्कस्तानातील रेन्किओई येथे उभारले. आपल्या मुंबईतही, काळा घोडा भागात, वॉटसन हॉटेलचा ओतीव लोखंडाचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडात तयार करून, समुद्रमार्गाने आणून जोडण्यात आला, आणि ती इमारत जीर्णावस्थेत का होईना, आमच्या पिढीने पाहिली आहे. या सर्व उद्योगांविषयी मला आदर आहे. परंतु ज्या काळात ही जहाजे सुटे सांगाडे घेऊन समुद्र ओलांडीत होती, त्याच काळात, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून, मांजरा-भीमेच्या काठच्या खेड्यांतील सुतार आपल्या अंगणात बसून तेच काम करीत होता; त्याच्यापाशी कारखाना नव्हता, पण पद्धत पुरी होती. त्या पद्धतीची नोंद कोणी ग्रंथात घेतली नाही, म्हणून ती नव्हतीच असे मानणे अन्यायाचे होईल.

ती पद्धत थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. घर बांधावयाचे ठरले, की पहिला विचार लाकडाचा. सधन घरासाठी साग, त्याखालोखाल ऐन, आणि ज्याला तेही परवडत नसे त्याच्यासाठी बांधावरची बाभूळ आणि कडुनिंब. पावसाळा सरल्यावर, आणि जुन्या सुतारांच्या श्रद्धेप्रमाणे कृष्णपक्षात, झाड तोडीत, कारण अशा लाकडाला कीड लागत नाही अशी त्यांची खात्री होती. मग ते लाकूड काही दिवस पाण्यात बुडवून आणि पुढे सावलीत वाळवून मुरवावयाचे. ते मुरले, की सुतार करवत, वाकस, किंकरे, रंधा, गुण्या आणि ओळंबा घेऊन बसे, आणि सारे घर जमिनीवर आडवे पडलेल्या अवस्थेतच घडू लागे. खांब सगळे एका उंचीचे, तुळया सगळ्या एका लांबीच्या, हे त्याचे पहिले पथ्य. कारण तसे असले तरच एका खणातील तुळई दुसऱ्या खणात बसेल आणि एखादी कुजली तर तेवढीच काढून नवी घालता येईल. खांबाच्या माथ्यावर कुसू काढावयाचे, वरच्या लाकडास त्याच्या मापाचे भोक पाडावयाचे, कुसू भोकात बसवून वरून खुंटी ठोकावयाची आणि जेथे सैल वाटेल तेथे पाचर मारावयाची. लोखंडी खिळा महाग होता म्हणून तो टाळीत, हे अर्धे सत्य आहे. खिळ्याने जोडलेले लाकूड उकलताना फाटते आणि खुंटीने जोडलेले उकलून पुन्हा जोडता येते, हे उरलेले अर्धे, आणि मला वाटते, अधिक महत्त्वाचे सत्य.

सगळे भाग तयार झाले, की मुहूर्त पाहून उभारणी होई, आणि त्या दिवशी भावकीतले आणि शेजारपाजारचे हात आपण होऊन मदतीस येत. चांगल्या घराचा खांब जमिनीत पुरीत नसत. दगडाच्या घडीव तळखड्यावर तो उभा करीत, म्हणजे ओल आणि वाळवी त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा फांद्या-किलच्यांचा थर, आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. जेथे पाऊस अधिक तेथे माळवदाऐवजी आढे, वासे आणि कौल. भिंत यानंतर येई. दगड, कच्ची वीट, माती, कूड, जे हाताशी असेल त्याची भिंत खांबांच्या बाजूने चढवीत, पण घराचा भार तिच्यावर नसे. थंडी-वाऱ्यापासून आणि परक्याच्या नजरेपासून आडोसा करणे एवढेच तिचे काम. भिंत पाडली तरी छप्पर पडत नाही, ही गोष्ट त्या काळी पोराटोरांनाही ठाऊक होती, आणि घर वाढविण्याची सारी सोय या एका गोष्टीत होती.

थोरल्या मुलाचे लग्न ठरले, की धनी सुताराला बोलावून म्हणे, "औंदा दोन खण वाढवायचे हाईत, बघा." सुतार शेवटच्या तुळईचे टोक तपासून, पुढच्या खांबासाठी तळखडा कोठे येईल ते दाखवी, आडवी आलेली भिंत उतरवून तिचेच दगड पुढच्या भिंतीस लागत, आणि सुगी झाल्यावर, हातात चार पैसे आले म्हणजे, काम पुरे होई. पैसे कमी पडले तर खांब-तुळया उभ्या राहत, वर गवत शाकारले जाई, आणि माळवद पुढच्या वर्षावर तहकूब होई. घर कर्ज काढून एका दमात पुरे करावयाचे असते, ही समजूत त्या जगात नव्हती. ते पुरे झाले आहे असेही कोणी कधी म्हणत नसे. शेतीची अवजारे दुरुस्त करण्याबद्दल सुताराला बलुते मिळे, पण घराचे काम त्याहून निराळे धरून त्याची मजुरी, धान्य आणि मानाचा शेला वेगळा ठरे. एकाच सुताराच्या घराण्याने एकाच घराचे खण आज्यापासून नातवापर्यंत वाढविले, अशा घटना गावोगाव घडत, आणि त्यामुळे त्या घराची सारी मापे कागदावर नसली तरी कोणाच्या तरी हातात जिवंत राहत.

वाढीप्रमाणे वाटणीही खणांनीच. बाप गेल्यावर भाऊ वेगळे निघाले, म्हणजे पंच खांब मोजीत. देवघराचा खण थोरल्याकडे, चुलीचा धाकट्याकडे, ढाळज दोघांची सामाईक, अशा तडजोडी होत, आणि मधल्या खांबांच्या ओळीत कच्च्या विटांची भिंत घातली, की एका घराची दोन घरे होत. या वाटण्यांनी घरे अंधारी झाली, वारा कोंडला, आणि भांडणे खांबाखांबाला चिकटून पिढ्यान् पिढ्या चालली, हेही खरे आहे. ही व्यवस्था निर्दोष होती असे मी म्हणत नाही. सुताराच्या तळखड्यांचे घर गावातल्या सर्वांना मिळत नव्हते. गावकुसाबाहेर ढकललेल्या जातींच्या वाट्यास बहुधा पुरलेल्या मेढींचे, गवताच्या छपराचे खोपटच आले, आणि त्याला खण वाढविण्यासाठी जागाही गावाने दिली नाही. सह्याद्रीच्या उतारावर कातकरी, ठाकर, वारली यांनी कारवीचे कूड शेणामातीने लिंपून जी घरे उभारली, ती मात्र स्वतःच्या बुद्धीने आणि हाताने. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलून वाळते, तेव्हा तिच्या काठ्या तोडून ठेवावयाच्या, आणि कुडाची एखादी बाजू सडली की तेवढीच बदलावयाची, हा त्यांचा क्रम. जंगल न मोडता घर कसे टिकवावे हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

खणाचे घर जसे वाढे तसे उकलताही येई. गावठाण पुराच्या पाण्यात येऊ लागले, किंवा कूळ एका गावचे वतन सोडून दुसऱ्या गावी गेले, म्हणजे घराची माती मागे राही आणि लाकूड बैलगाडीत चढे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात आज जो मस्तानी महाल पाहावयास मिळतो तो मूळचा कोथरूडचा. तेथून तो उतरवून संग्रहालयात पुन्हा जोडण्यात आला, आणि हे शक्य झाले ते त्या कामाच्या सांध्यांमुळेच. विसाव्या शतकात धरणे बांधली जाऊ लागली तेव्हा हा गुण दुःखाच्या प्रसंगी उपयोगी पडला. १९२१ साली मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी आपली गावे पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून सत्याग्रह मांडला, सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला, तरी धरण झालेच. पुढे कोयनेचे झाले, भीमेवर उजनीचे झाले. धरणग्रस्तांपैकी ज्यांच्या घरांना खांब-तुळया होत्या, त्यांना निदान त्या तरी उतरवून नव्या गावठाणात नेता आल्या. नुकसानभरपाईचे कागद ज्या मालमत्तेची किंमत ठरवू शकत नव्हते, तिचा एवढाच भाग हलविण्याजोगा होता.

मग ही पद्धत मोडली कशाने? माझ्या मते तिला पहिला धक्का बसला तो लाकडाच्या बाजूने. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जे नियम सांगितले आहेत त्यांत रयतेने वाढविलेल्या आंबा-फणसासारख्या झाडांना तिच्या संमतीवाचून हात लावू नये, अशी ताकीद आहे. राज्याच्या गरजेइतकाच रयतेच्या झाडाचाही विचार करणारी ही दृष्टी पुढे टिकली नाही. इंग्रजी अमलात १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी डोंगर राखीव झाले, आणि जे लाकूड रयत वहिवाटीने आणीत होती त्यासाठी परवाना आणि दंड सुरू झाला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याविषयी जी तळमळीची तक्रार आहे ती गुरांच्या चाऱ्यापुरती नाही, शेतकऱ्याच्या सबंध संसाराची आहे. ठाणे-कुलाबा भागातील असंतोष इतका वाढला, की मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले. कमिशनचा अहवाल १८८७ साली आला, पण सुताराच्या अंगणात पूर्वीसारखे लाकूड त्यानंतर पुन्हा पडले नाही.

त्याच सुमारास कारखान्यात तयार झालेले घराचे भाग खेड्यात येऊ लागले होते. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत खाच अडकणारे, एका मापाचे, लालभडक मंगळुरी कौल गलबतांतून गोव्यास, रत्नागिरीस, मुंबईस उतरले आणि तेथून घाट चढून वर आले. कुंभाराच्या नळीच्या कौलांपेक्षा ते कमी लागत, कमी गळत आणि माकडांनी नाचून सहसा सरकत नसत, म्हणून लोकांनी ते मनापासून स्वीकारले. वाशांच्या जुन्या सांगाड्यात ते बसलेही चांगले. पत्र्याची गोष्ट निराळी. १८९६ मध्ये मुंबईत आणि लवकरच पुण्यासह साऱ्या मुलखात प्लेग पसरला, तेव्हा गावेच्या गावे घरे सोडून माळावर आणि शेतात झोपड्या करून राहू लागली. काठ्या, तट्टे, कडबा आणि मिळेल तेथे पत्रा यांची ती घरे साथ ओसरली की मोडीत, आणि दुसऱ्या वर्षी साथ आली की पुन्हा उभारीत. मराठी खेड्याने तात्पुरत्या घराचा एवढा मोठा अनुभव त्यापूर्वी क्वचितच घेतला असेल. त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांकडून ज्यांनी या दिवसांच्या हकिकती ऐकल्या, त्यांना पत्र्याखालचा वैशाख कसा असतो हे वेगळे सांगावे लागले नाही.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव खेड्यात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले तेव्हा घर गावच्या परिसरातल्या साहित्याने आणि गावच्याच कारागिरांकडून, थोड्या पैशांत झाले पाहिजे अशी त्यांची अट होती. आज बापूकुटी म्हणून जी झोपडी लोक पाहतात ती आरंभी मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली; गांधीजी तेथे राहू लागल्यावर तिला गरजेप्रमाणे जोड देण्यात आली. मातीच्या भिंती, बांबू, कूड आणि कौल यांच्या त्या लहान घरात देशाचे राजकारण चालले. तिच्या साधेपणाची स्तुती पुष्कळांनी केली आहे; ती वाढत गेली याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि मला तर तेच तिचे खरे ग्रामीणपण वाटते. पुढे १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढले, आणि त्या केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडविलेल्या, एकात एक बसणाऱ्या शंक्वाकार नळ्यांची कमान रचून छप्पर करण्याची रीत विकसित केली. त्या छपराला लाकूड जवळजवळ लागत नाही आणि नळ्या गावच्या भट्टीत भाजता येतात. ज्या मुलखात लाकूड संपले त्या मुलखासाठी आधी घडवून मग जोडण्याची जुनी पद्धत पुढे नेणारा असा दुसरा प्रयत्न माझ्या पाहण्यात नाही, आणि तो जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला नाही याचे मला वाईट वाटते.

राजधानीत याच कल्पनेची निराळी परीक्षा झाली. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे दिल्लीत आले तेव्हा केंद्र सरकारने घरांचा कारखाना काढला. मंत्री राजकुमारी अमृत कौर, आणि गृहनिर्माणाचे संचालक ऑटो कोनिग्सबर्गर, जे पूर्वी म्हैसूर संस्थानचे मुख्य वास्तुशास्त्रज्ञ होते. हलक्या काँक्रीटच्या तयार पाट्या साच्यात ओतून, त्या जोडून हजारो घरे झपाट्याने उभी करावयाची, हा बेत. पण पाट्यांना तडे गेले, संसदेत टीका झाली, आणि १९५१ साली कोनिग्सबर्गर यांना पद सोडून जावे लागले. कारखाना पुढे वेगळ्या नावाने आणि वेगळ्या मालासाठी चालू राहिला. या प्रसंगावरून तयार भागांचे घर भारताला मानवत नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. पाटी तडकली तर बदलणारा सुतार त्या घराजवळ नव्हता, आणि तिच्या मापाची दुसरी पाटी त्या एका कारखान्यावाचून कोठे मिळत नव्हती. खरा दोष येथे होता.

या साऱ्या इतिहासाची सर्वांत कठोर कसोटी ३० सप्टेंबर १९९३ रोजी लागली. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे निजली होती, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. सरकारी हिशेबानेच सुमारे आठ हजार माणसे गेली. ती बहुतेक आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गेली. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या त्या भिंती आतून आणि बाहेरून दगड लावून, मधली पोकळी माती-गोट्यांनी भरून रचलेल्या होत्या. आरपार जाणारा बंधक दगड त्यांत नव्हता, म्हणून हादरा बसताच त्या फुटून दोन्हीकडे कोसळल्या. माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी, गळू नये म्हणून, पांढऱ्या मातीचा नवा थर पडे. जुना थर काढण्याचे श्रम टळत गेले, आणि कोठे कोठे माती दोन फुटांपर्यंत चढली होती. ज्या घरात खांब-तुळयांचा पुरा सांगाडा होता तेथे भिंती ढासळूनही अनेक ठिकाणी छप्पर खांबांवर तोलून राहिले. जेथे लाकूड महागले म्हणून खांब गाळून तुळया थेट दगडी भिंतीवर टेकविल्या होत्या, तेथे भिंतीबरोबर सारे माळवद खाली आले. नुकसानीची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी हा फरक नोंदविला आहे. जुनी पद्धत तेथे वाईट ठरली नव्हती. जुन्या पद्धतीतला खांब गाळून तिची भिंत आणि तिची माती तेवढी ठेवली गेली होती, आणि दारिद्र्याने केलेल्या त्या काटकसरीची किंमत माणसांनी जिवाने मोजली.

आधी पत्र्याच्या शेड आल्या. मग जागतिक बँकेच्या कर्जाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला. अत्यंत हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि घरांचे आकार जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीनांना आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४००, मोठ्यास ७५०. घरे मजबूत झाली, ती लवकर झाली, आणि ज्यांनी ती बांधली त्यांचे ऋण मराठवाडा विसरणार नाही. तरीही जमिनीच्या क्षेत्रावरून घराचा आकार ठरविणे मला कधीच पटले नाही. ज्याला जमीन नाही त्याच्या घरात माणसे कमी असतात असे थोडेच आहे. सरळ रेघांच्या रुंद रस्त्यांवर ओळीने मांडलेल्या त्या घरांत ढाळज नव्हती, गुरांना जागा नव्हती, बी-बियाण्याला कोपरा नव्हता. लोकांनी काही दिवस वाट पाहिली आणि मग स्वतःच हालचाल केली. शेडचे पत्रे पुढे ओढून सोपा झाला, बाजूला गोठा झाला, चुलीसाठी मागे छपरी आली. ढिगाऱ्यातून काढलेली जुनी तुळईही कोणी कोणी त्या छपरीला घातली. जी गावे जागची हलली नाहीत तेथे लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुती मालकांनी सरकारी अनुदान घेऊन, स्वतःच्या देखरेखीखाली केली. घरधन्याने आपल्या घराचा निर्णय आपण घ्यावा हे तत्त्व तेथे पाळले गेले, आणि तो भाग मला साऱ्या कार्यक्रमातील सर्वांत मोलाचा वाटतो.

शहराकडे हा विचार कोणी केलाच नाही असे नाही. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूर येथे वस्ती रचली, तीत प्रत्येक घर आपल्या स्वतंत्र जागेवर, शेजाऱ्याशी सामाईक भिंत न ठेवता उभे केले, एवढ्यासाठी की मालकाला पुढे ते आपल्या मर्जीने वाढविता यावे. आणि मालकांनी ते इतके वाढविले, की मूळची कित्येक घरे आता ओळखू येत नाहीत. काही जाणत्यांना ते विद्रूप वाटते. मला तो त्या रचनेचा विजय वाटतो.

खेड्यात आज घर म्हणजे घरकुल. १९८५ पासून इंदिरा आवास योजना होती, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना आहे. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान, आणि किमान २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे घर. ज्याच्या डोक्यावर आजवर गवत होते त्याला पक्के छप्पर मिळणे ही लहान गोष्ट नाही, आणि या योजनेची हेटाळणी करणाऱ्यांत मी नाही. पण कोणत्याही गावात नुसती चक्कर मारली तर दिसते, की घरकुलाच्या स्लॅबवर चारी कोपऱ्यांना लोखंडी सळ्या उघड्या सोडलेल्या आहेत. मुलगा मोठा झाला की वर माडी चढवू, हा त्यांचा अर्थ. त्या सळ्या चार पावसाळ्यांत गंजतात, खालचा पाया एका मजल्यापुरताच घातलेला असतो, आणि तरीही माडी चढतेच. माणसाने खण वाढविणे सोडलेले नाही. त्याला ते धोक्यावाचून करता येईल अशी तरतूद आम्ही सोडली आहे.

ती तरतूद अवघड नाही. घरकुलाच्या एका बाजूच्या भिंतीत आरंभीच तुळईपट्टा घालून ठेवावा, म्हणजे तिच्याखाली पुढे दार पाडले तरी भिंत खचणार नाही. त्या बाजूस पुढच्या दोन खांबांचा पाया आजच भरावा. गावठाणाची आखणी करताना प्रत्येक घरामागे दोन खणांची जागा मोकळी राखावी. दारे, खिडक्या, छपराचे वासे, कौले यांची मापे तालुक्यात तरी एक असावीत, म्हणजे हे भाग तालुक्याच्याच गावी घडतील आणि मोडले तर तेथेच मिळतील. जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातील अभियंत्यांना आणि ग्रामसभेत हात वर करून घरकुलांच्या याद्या मंजूर करणाऱ्या गावकऱ्यांना माझी ही आग्रहाची विनंती आहे. आणि ज्यांच्या गावी खांब-तुळयांचे जुने घर अजून उभे आहे त्यांना आणखी एक : असे घर लाकडाच्या व्यापाऱ्यास विकण्यापूर्वी जवळच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयास कळवावे, तेथील विद्यार्थ्यांना बोलावून खणाखणाचे मोजमाप आणि सांध्यांची चित्रे काढून घ्यावीत, आणि गावात म्हातारा सुतार असेल तर त्याला त्या वेळी जवळ बसवावे.